“हेच का देतेस?”: फिजिओथेरपीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी पुराव्यावर आधारित उपचारांची वाट, पायरीपायरीने

शेवटच्या वर्षाच्या पोस्टिंगमध्ये गुडघेदुखीच्या एका पेशंटची फाइल मी भरली होती. अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींनी उपचार करणारं मशीन), शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. मार्गदर्शक मॅडमनी फाइल पाहून एवढंच विचारलं, “हेच का देतेस?” मी म्हणाले, “गुडघ्याला हेच देतात.” त्या रागावल्या नाहीत. “उद्या कारण घेऊन ये,” म्हणाल्या. त्या रात्री मी इंटरनेटवर गुडघ्याला अल्ट्रासाउंड कसं उपयोगी पडतं ते शोधलं, मला हवं ते सांगणारा पहिला पेपर उचलला आणि सकाळी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, “उपयोग होत नाही असं सांगणारे पेपर शोधलेस का?”

शोधले नव्हते. ते शोधायचे असतात हे सुचलंही नव्हतं. परीक्षेत ईबीपीची, म्हणजे एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिसची व्याख्या मी बिनचूक लिहिली होती, गुणही मिळाले होते. पण निर्णय आधी घ्यायचा आणि त्याला आधार म्हणून पेपर नंतर जोडायचा, हे ईबीपीच्या अगदी उलटं आहे, हे मला त्या सकाळी कळलं. नंतर माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या बऱ्याच विद्यार्थ्यांमध्ये मी हीच चूक पाहिली. म्हणून, ज्यांची पोस्टिंग आत्ताच सुरू झाली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गुडघ्याच्या त्याच पेशंटला धरून सगळ्या पायऱ्या चढू या.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- पेड्रो. फक्त फिजिओथेरपीसाठी असलेला, १९९९ पासून चालू असलेला मोफत डेटाबेस. ट्रायल (गट पाडून केलेली उपचाराची चाचणी), सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आणि गाइडलाइन (उपचारांच्या शिफारशी) एवढंच त्यात असतं. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.
- पबमेड. वैद्यकीय पेपरांचा समुद्र आहे. मोफत आहे, पण पोहता यायला थोडा सराव लागतो.
- कॉक्रेन लायब्ररी. आरोग्यावरच्या सिस्टेमॅटिक रिव्ह्यूंचा संग्रह. प्रत्येक रिव्ह्यूचा सारांश आणि सोप्या भाषेतला गोषवारा कुणालाही वाचता येतो.
- कॉलेजच्या ग्रंथालयाचं लॉगिन. नसेल तर पबमेड सेंट्रलवर पूर्ण पेपर मोफत आहे का ते पाहा. तिथेही नसेल तर पेपरवर दिलेल्या पत्त्यावर लेखकाला नम्र ईमेल करा. बरेच संशोधक आनंदाने प्रत पाठवतात.
- पेपर साठवून ठेवणारं झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर. पेपर कुठे ठेवला हे शोधण्यात रात्री जात नाहीत.
- आउटकम मेजरचे, म्हणजे पेशंटमधला बदल मोजणारे, छापील फॉर्म. वेदनेसाठी शून्य ते दहाची पट्टी, गुडघ्यासाठी वोमॅक किंवा कूस, कंबरेसाठी ऑस्वेस्ट्री.
- एक साधी वही. ती कशासाठी, ते शेवटच्या पायरीत सांगते.

पेशंटचं नाव, फाइल क्रमांक, फोटो यातलं काहीही या वहीत किंवा कुठल्याही ऑनलाइन साधनात टाकू नका. वय, तक्रार आणि आजार एवढ्यावर शोध पूर्ण होतो.

पायरी १. पाठ केलेली व्याख्या उलगडून पाहा

‘एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन’ हे नाव गॉर्डन गायट यांनी १९९१ मध्ये छापील लेखात वापरलं. पुढे त्यावर टीका झाली, की हे म्हणजे स्वयंपाकाच्या पुस्तकात पाहून उपचार करणं आहे. त्या टीकेला उत्तर म्हणून डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छोटा लेख लिहिला. उपलब्ध असलेला उत्तम पुरावा आणि उपचार करणाऱ्याचं कौशल्य, दोन्ही लागतात आणि यातलं कुठलंही एकटं पुरत नाही, असं त्यात साफ म्हटलं आहे. पेशंटची परिस्थिती, त्याचे हक्क, त्याची पसंती यांचाही त्यात विचार आहे. लेख दोनच पानांचा आहे. मूळ लेख वाचा, नोट्समधला उतारा नको.

विद्यार्थ्यांच्या डोक्यात तीन गैरसमज घट्ट बसलेले मी पाहते.

पहिला, ईबीपी म्हणजे संशोधन करणं. नाही. संशोधन दुसऱ्यांनी केलेलं असतं, आपण ते वापरायला शिकायचं असतं. प्रबंध लिहिला म्हणजे ईबीपी आलं असं होत नाही.

दुसरा, पुरावा नाही म्हणजे उपचार निरुपयोगी. एखाद्या उपचारावर चांगला अभ्यासच झालेला नसणं वेगळं आणि चांगल्या अभ्यासात तो फसणं वेगळं. फाइलमध्ये लिहिताना हा फरक शब्दांत उतरला पाहिजे.

तिसरा गैरसमज जास्त खोल आहे: शरीरक्रियाशास्त्राच्या हिशेबाने पटतं, म्हणजे उपयोगी असणारच. याला उत्तर म्हणून मी नेहमी ‘अव्हर्ट’ ट्रायलचं उदाहरण देते. पक्षाघाताच्या पेशंटला लवकर उठवावं, अंथरुणात पडून राहण्याचे तोटे टळतील, हे आपल्या सगळ्यांना पटतं. मग चोवीस तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात उठवलं तर आणखी चांगलं, नाही का? पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ पेशंटवर हे तपासलं गेलं आणि २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचं प्रमाण लवकर आणि जास्त उठवलेल्या गटात ४६ टक्के होतं, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५० टक्के. म्हणजे जास्त मेहनत घेतलेला गट मागे पडला. तेव्हा पक्षाघाताच्या पेशंटला झोपवून ठेवा, असा याचा अर्थ मुळीच नाही. नेहमीच्या पद्धतीतही पेशंटना लवकर उठवलं जातच होतं, आणि त्याच ट्रायलच्या पुढच्या विश्लेषणात थोडा थोडा वेळ पण जास्त वेळा उठवणं फायद्याचं दिसलं. मुद्दा एवढाच, की ‘किती’ आणि ‘केव्हा’ याचं उत्तर तर्काने मिळालं नव्हतं. मोजल्यावर मिळालं.

पायरी २. पेशंटचं बोलणं प्रश्नात बदला

विद्यार्थी सगळ्यात जास्त घाई इथे करतात. थेट डेटाबेस उघडतात, ‘गुडघेदुखी’ टाकतात, हजारो पेपर येतात आणि ते हताश होऊन बंद करतात.

आमच्या त्या पेशंट बासष्ट वर्षांच्या होत्या. दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज. त्यांचं म्हणणं होतं, “बसून असले की काही नाही, जिना उतरताना जीव नकोसा होतो.” हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या, मग पिकोच्या (पेशंट, इंटरव्हेन्शन, कम्पॅरिझन, आउटकम) चार खणांत टाका.

पेशंट कोण: साठीच्या आसपासचं वय, गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, शस्त्रक्रिया झालेली नाही.
कुठला उपचार: अल्ट्रासाउंड.
कशाच्या तुलनेत: नुसते व्यायाम, किंवा मशीन बंद ठेवून दिलेला खोटा अल्ट्रासाउंड.
काय बदलायला हवं: जिना उतरताना होणारी वेदना, रोजच्या हालचाली.

चौथा खण सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो. आपल्याला जे मोजता येतं ते आपण तिथे लिहितो: गुडघा किती अंश वाकतो, स्नायूंची ताकद किती. बाईंनी अंशांबद्दल तक्रार केलीच नव्हती, त्यांना जिना उतरायचा होता. तुमच्या प्रश्नात पेशंटच्या तोंडचा शब्द नसेल, तर सापडणारं उत्तरही त्याच्या उपयोगाचं नसेल.

तुलनेचा खणही रिकामा सोडू नका. ‘अल्ट्रासाउंडने बरं वाटतं का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कशापेक्षा बरं वाटतं, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

आणि प्रत्येक प्रश्न उपचाराचाच असतो असं नाही. घोटा मुरगळलेल्या पेशंटला एक्स-रे लागेल का, हा निदानाचा प्रश्न आहे. त्यासाठी ओटावा अँकल रूल्ससारखे तपासून घेतलेले नियम आहेत, तिथे उपचाराच्या ट्रायल शोधून काही मिळणार नाही. ‘मला पुन्हा धावता येईल का?’ हा पुढे काय होईल याचा प्रश्न आहे, त्याला पेशंटच्या गटाचा दीर्घकाळ मागोवा घेणारे अभ्यास लागतात. ‘पेशंट घरचे व्यायाम का सोडतात?’ याचं उत्तर मुलाखतींवर आधारित गुणात्मक अभ्यासांत चांगलं मिळतं. पुराव्याचा जो पिरॅमिड (वर सिस्टेमॅटिक रिव्ह्यू, त्याखाली एकेक अभ्यास) आपण चित्रात काढतो, तो मुख्यतः उपचाराच्या प्रश्नांचा आहे, हे कुणी वर्गात सांगत नाही.

पायरी ३. शोधा, पण वरून खाली

आधी गाइडलाइन, मग सिस्टेमॅटिक रिव्ह्यू, मग एकेक ट्रायल. पेड्रोमध्ये निकाल मुळातच याच क्रमाने येतात आणि ट्रायल त्यांच्या गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लागलेल्या असतात. त्यामुळे नवख्याची अर्धी मेहनत वाचते.

पेड्रोच्या प्रगत शोधात खण थोडेच भरा. सगळे भरले तर काहीच सापडत नाही. एका शोधात सगळ्या शब्दांना ‘अँड’ने जोडता येतं किंवा सगळ्यांना ‘ऑर’ने, दोन्हीची मिसळ तिथे चालत नाही. पबमेडमध्ये मात्र चालते. तिथे एकाच अर्थाचे शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात टाका आणि वेगवेगळ्या कल्पना ‘अँड’ने जोडा. एक चांगला पेपर सापडला की बाजूला दिसणारी त्याच्यासारख्या पेपरांची यादी उघडा.

वेळ ठरवून बसा. अर्धा तास. तेवढ्यात गाइडलाइन किंवा रिव्ह्यू सापडला नाही, तर बहुतेक वेळा प्रश्न तरी चुकलेला असतो नाहीतर शब्द. प्रश्न आणि शब्द, दोन्ही गोष्टी मॅडमना किंवा ग्रंथपालांना दाखवा. ग्रंथपाल या कामात किती तयार असतात याची विद्यार्थ्यांना कल्पना नसते. मी स्वतः शोधाची खरी पद्धत एका ग्रंथपालांकडूनच शिकले.

एक इशारा. चॅटबॉटला विचारून पेपरची यादी घेऊ नका. अस्तित्वातच नसलेल्या पेपरची नावं ते अतिशय ठामपणे देतात. शोधायला शब्द सुचवण्यापुरती त्यांची मदत घ्या. पेपर स्वतः पबमेडवर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय केस प्रेझेंटेशनमध्ये जाता कामा नये.

आता आमच्या प्रश्नाचं काय झालं ते पाहा, कारण यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमधल्या अल्ट्रासाउंडवर २०१० चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे. त्यात पाच छोट्या ट्रायल होत्या. निष्कर्ष असा, की फायदा होऊ शकतो, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे आणि फायदा किती ते नक्की सांगता येत नाही. माझ्यासारख्या घाईतल्या विद्यार्थिनीने यातला पहिला अर्धा भाग उचलला असता. पुढे २०२२ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑस्टिओआर्थ्रायटिसची गाइडलाइन काढली. फायद्याचा पुरेसा पुरावा नाही या कारणासाठी अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल अशा विद्युत उपचारांचा वापर करू नये, असं त्यात म्हटलं आहे, आणि व्यायाम सगळ्यांना द्यावा असंही. कंबरदुखीबद्दल याच संस्थेने २०१६ मध्येच अल्ट्रासाउंड आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं) देऊ नये असं सांगितलं होतं.

म्हणून कुठल्याही पेपरची तारीख आधी पाहा. मग त्या तारखेनंतर काही आलंय का, ते पाहा.

पायरी ४. पेपर वाचा, पण सारांशापासून नाही

सारांश आणि निष्कर्ष वाचून बाकीचं सोडून देणं ही आपली सवय असते. मी उलट करायला सांगते. आधी पद्धतीचा भाग, मग निकालांचे तक्ते, लेखकांचं मत सगळ्यात शेवटी. लेखकांचं मत आधी वाचलं की तक्त्यात तेच दिसायला लागतं.

ट्रायल वाचताना स्वतःला हे विचारा.

पेशंट कुठल्या गटात जाणार हे नशिबावर सोडलं होतं का? आणि पुढचा पेशंट कुठे जाणार हे भरती करणाऱ्याला आधी कळत होतं का? ही दुसरी गोष्ट म्हणजे गटवाटपाची गुप्तता. विद्यार्थी ती ब्लाइंडिंगशी गोंधळून टाकतात. भरती करणाऱ्याला पुढचं पाकीट माहीत असेल, तर बरा होईल असा वाटणारा पेशंट तो नकळत आवडत्या गटात ढकलतो. ब्लाइंडिंग त्यानंतर येतं: उपचार सुरू झाल्यावर कुणाला कुठला गट हे माहीत आहे.

फिजिओथेरपीत थेरपिस्टला ब्लाइंड करणं जवळजवळ अशक्य असतं. व्यायाम शिकवणाऱ्याला आपण काय शिकवतोय ते कसं लपवणार? पेशंटलाही बहुतेक वेळा कळतंच. पण मोजमाप करणाऱ्याला गट माहीत नसणं शक्य असतं, आणि ते पाळलंय का हे पाहायलाच हवं.

किती जण मध्येच गळले? आणि गळलेल्यांना त्यांच्या मूळ गटातच मोजलं का?

हेच प्रश्न पेड्रोच्या मोजपट्टीत आहेत. तिच्यात ११ मुद्दे आहेत, पण गुण १० पैकी देतात, कारण पहिला मुद्दा मोजत नाहीत. वर सांगितलेल्या ब्लाइंडिंगच्या अडचणीमुळे व्यायामाच्या चांगल्या ट्रायललाही सहसा ८ च्या वर गुण मिळत नाहीत. म्हणून ८ गुणांची ट्रायल ‘दोनने कमी पडली’ असं म्हणू नका. आणि लक्षात असू द्या, हे गुण ट्रायल किती नेटकी केली ते सांगतात. उपचार किती उपयोगी ते सांगत नाहीत. उत्तम ट्रायलमध्ये उपचार साफ फसू शकतो, तिला गुण मात्र चांगलेच मिळतील.

यानंतर निकाल. इथे दोन सापळे आहेत, आणि मी दोन्हींत अडकले होते.

पहिला सापळा असा. पेपरमध्ये लिहिलेलं असतं, ‘अल्ट्रासाउंडच्या गटात वेदना लक्षणीय कमी झाली.’ आधी सात, नंतर चार. आपण खूश. पण खोट्या अल्ट्रासाउंडच्या गटातही सातवरून साडेचारवर आली असेल तर? गुडघा जास्त दुखतो तेव्हाच माणूस दवाखान्यात येतो, आणि कळस गाठलेलं दुखणं काही दिवसांनी उतरतंच. त्यात लक्ष दिल्याने, धीर दिल्याने वाटणारं बरं मिसळतं. म्हणून एकाच गटातला आधीचा-नंतरचा फरक बाजूला ठेवा आणि दोन गटांमधला फरक शोधा. या उदाहरणात तो तीनचा नाही, अर्ध्याचा आहे. ओपीडीतला आपला स्वतःचा अनुभवही याच कारणाने फसवतो: तिथे तुलनेचा गटच नसतो. ‘माझे पेशंट बरे होतात’ हे खरं असतं. ते कशामुळे बरे झाले, हे त्यातून कळत नाही.

दुसरा सापळा पी व्हॅल्यूचा. ती ०.०५ पेक्षा कमी आली की विद्यार्थी पुढचं वाचत नाहीत. व्यायामाआधी किंवा नंतर स्ट्रेचिंग केल्याने अंग दुखणं कमी होतं का, यावर २०११ चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे. त्यातल्या एका मोठ्या अभ्यासात २,३७७ लोक होते. आधी आणि नंतर दोन्ही वेळा स्ट्रेचिंग केल्यावर आठवड्यातलं सगळ्यात जास्त दुखणं शंभरपैकी सरासरी चार गुणांनी कमी झालं. माणसं एवढी, की इतका लहान फरकही संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठळक ठरला. पण शंभरात चार! तेवढा फरक तुम्हाला स्वतःला जाणवेल का, असं विचारा. पी व्हॅल्यू सांगते की फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. तो मोलाचा आहे का, हे ती सांगत नाही.

ते पाहायला दोन गोष्टी लागतात. एक, फरकाचा आकडा आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमधल्या व्यायामावरच्या २०१५ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये वेदना शंभरच्या पट्टीवर सुमारे १२ गुणांनी कमी झाली, आणि इंटर्व्हल १० ते १५ असा होता. म्हणजे खरा फरक साधारण या टप्प्यात असावा. इंटर्व्हल जितका अरुंद तितकं उत्तर नेमकं. इंटर्व्हलच्या एका टोकाला भरपूर फायदा आणि दुसऱ्या टोकाला नुकसान दिसत असेल, तर त्या अभ्यासाला अजून उत्तर सापडलेलं नाही, लेखक काहीही म्हणोत.

दोन, पेशंटला जाणवेल असा किमान बदल. जुनाट वेदनेसाठी शून्य ते दहाच्या पट्टीवर साधारण दोन अंकांचा किंवा ३० टक्क्यांचा बदल पेशंटला अर्थपूर्ण वाटतो, असं मानलं जातं. हा आकडा एका माणसातल्या बदलाचा आहे. दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाला तो जसाच्या तसा लावू नका; व्हायवाला ही चूक पकडली जाते आणि पकडायलाच हवी.

व्यायामावरचा तोच कॉक्रेन रिव्ह्यू २०२४ मध्ये नव्याने केला गेला. २०१५ मध्ये त्यात ५४ अभ्यास होते, आता १३९. व्यायामाने वेदना आणि हालचाल बहुधा सुधारते हे कायम राहिलं. पण तो फरक पेशंटला मोलाचा वाटेल इतका आहे का, याबद्दलची भाषा जास्त सावध झाली. पुरावा असा हलत असतो. ज्यांना हे अस्वस्थ करतं त्यांना मी सांगते की मलाही करतं, पण पेशंटला आपल्यापेक्षा जास्त खात्री विकणं त्याहून वाईट आहे.

पायरी ५. पेशंटसमोर बसून ठरवा

सगळं वाचून झालं, आता पेपर मिटा. तीन गोष्टी तपासा. अभ्यासातले लोक माझ्या पेशंटसारखे होते का? त्यांना दिलेला डोस मला देता येईल का? आणि पेशंटला हे हवंय का?

डोसबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे गुणी विद्यार्थीही घसरतात. ‘व्यायाम दिला’ असं फाइलमध्ये लिहिणं म्हणजे ‘औषध दिलं’ असं लिहिण्यासारखं आहे. कुठला, किती वेळा, किती भार, आठवड्यातून किती दिवस, किती आठवडे, आणि भार कधी वाढवायचा? अभ्यासात आठ-बारा आठवडे देखरेखीखाली वाढवत नेलेला व्यायाम असतो आणि आपण पलंगावर झोपवून दहा वेळा पाय उचलायला लावतो. मग ‘पुराव्याप्रमाणे दिलं, तरी फरक नाही’ असं म्हणतो. तो पुराव्यातला उपचार नव्हताच.

पेशंटशी बोलताना आकडे टाळू नका, साधे करा. त्या बाईंना मी असं सांगितलं: “व्यायामाने दुखणं पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण बऱ्याच जणांचं कमी होतं आणि चालणं-फिरणं सोपं होतं. सुरुवातीला थोडं वाढल्यासारखं वाटेल, त्याने गुडघा खराब होत नाही. अल्ट्रासाउंडने याहून जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही.” त्या म्हणाल्या, “पण मशीन लावलं की मला बरं वाटतं गं.”

आता काय करायचं? पेशंटची पसंती म्हणजे मागेल ते देणं नाही, आणि पेपर पुढे करून तिचं तोंड बंद करणंही नाही. मी विचारलं, मशीनमध्ये त्यांना नेमकं काय बरं वाटतं. उत्तर आलं: कुणीतरी दहा मिनिटं शेजारी बसतं, बोलतं. तेव्हा ती दहा मिनिटं आम्ही जिन्याच्या पायरीवर घालवायची ठरवली. मी शेजारी, त्यांचा हात कठड्यावर, एक पायरी खाली, एक वर. हे कुठल्याच पेपरमध्ये लिहिलेलं नव्हतं आणि तरी ते ईबीपीच होतं.

वरिष्ठांचं मत वेगळं असेल तर? हा प्रश्न विद्यार्थी मला खासगीत विचारतात. तुम्ही शिकाऊ आहात, पेशंटची जबाबदारी त्यांची आहे, म्हणून परस्पर उपचार बदलू नका. पेशंटसमोर वाद तर मुळीच नको. नंतर एकटे असताना विचारा: “सर, मी ही गाइडलाइन वाचली, यात असं म्हटलंय. आपल्या पेशंटला ती का लागू होत नाही, ते मला समजावून सांगाल का?” हा प्रश्न मनापासून विचारा. अनेकदा त्यांच्याकडे खरंच कारण असतं, एखादी गोष्ट जी तपासणीत त्यांच्या हाताला लागली आणि तुमच्या नाही. कधी नसतं, आणि तेही वाचायला घेतात. नुसतं ‘माझा अनुभव’ हे उत्तर मिळालं, तर आत्ता तेवढ्यावर थांबा आणि वहीत नोंद करा.

पायरी ६. मोजा आणि लिहून ठेवा

पहिल्या दिवशी मोजलं नाही, तर सहाव्या आठवड्यात ‘बरं वाटतंय’ एवढंच हातात उरतं. वोमॅक किंवा कूस पहिल्याच भेटीत भरून घ्या, आणि सोबत पेशंटच्या शब्दांतलं एक मोजमाप ठेवा. आमच्या बाईंसाठी ते होतं, दहा पायऱ्या उतरताना वेदना दहापैकी किती. पुन्हा मोजायची तारीख त्याच दिवशी फाइलवर टाका. ठरलेल्या मुदतीत काहीच हललं नाही, तर योजना बदला. तोच उपचार आणखी तीन आठवडे देत राहणं हा निर्णय नसतो.

आणि आता ती वही. एका पेशंटला एक पान. वर पेशंटचं वाक्य, खाली पिकोचा प्रश्न, कुठे आणि कुठल्या तारखेला शोधलं, काय सापडलं ते तीन ओळींत, विरुद्ध सांगणारं काय सापडलं ते वेगळ्या ओळीत, काय ठरवलं, आणि शेवटी काय झालं. ‘विरुद्ध’ची ओळ कोरी असेल तर शोध अर्धाच झालाय असं समजा.

आठवड्याला एक पान पुरतं. रोज प्रत्येक पेशंटसाठी हे करायला गेलात तर दहा दिवसांत सोडून द्याल, कारण वेळ नसणं ही फिजिओथेरपिस्टची या बाबतीतली सगळ्यात मोठी अडचण आहे आणि ती खरी आहे. शक्य असेल तर दोघा-तिघांनी मिळून पानं वाटून घ्या, शुक्रवारी एकमेकांना वाचून दाखवा. सहा महिन्यांत गुडघा, कंबर, खांदा, मान, पक्षाघात यांवरच्या नेहमीच्या प्रश्नांची पानं तयार होतात, आणि पुढच्या पेशंटला फक्त तारीख पाहून, नंतर काही नवं आलंय का एवढं तपासायचं राहतं.

माझ्या वहीचं पहिलं पान त्या बासष्ट वर्षांच्या बाईंचं आहे. सुरुवातीला जिना उतरताना वेदना दहापैकी सात, आठव्या आठवड्यात चार. शेजारी मी लिहून ठेवलंय: ‘यातलं किती व्यायामामुळे, किती आपोआप, ते या एका पेशंटवरून सांगता येत नाही.’ मॅडमनी त्या ओळीखाली सही केली होती.